दोन आण्यांचे बारा

दोन आणे म्हणजे साडेबारा नवे पैसे. १ एप्रिल १९५७ ला, सोमवारी, हा अर्धा पैसा देशाच्या हिशेबात शिरला आणि पुढची काही वर्षं आमच्या हॉटेलच्या गल्ल्यावर त्याच्यावरून रोज बोलाचाली होत राहिल्या. अर्ध्या नव्या पैशाचं नाणं सरकारनं पाडलंच नव्हतं. तो अर्धा सोडायचा कुणी, चहा पिणाऱ्यानं की चहा विकणाऱ्यानं, हे दर वेळी गल्ल्यावरच ठरायचं.

आमचं हॉटेल लालबागला होतं, गिरणीच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर. हॉटेल म्हणजे संगमरवरी फरशीची टेबलं, भिंतीला आरसा, आणि दाराशी उंच बैठकीवर माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. पाळी सुटली की एकदम गर्दी व्हायची. बटाटावडा, उसळपाव, शेव-गाठी, अर्धा कप चहा. पाच-सात मिनिटांत खाऊन माणूस उठलेला असायचा. फास्ट फूड हा शब्द तिथं कुणाला ठाऊक नव्हता, पण गिरणगावाचं खाणं घाईचंच होतं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. पुढे माझा सगळा जन्म एका बँकेच्या रोख खिडकीमागे गेला, त्यामुळे सुट्या पैशांकडे दोन्ही बाजूंनी बघायला मिळालं. लोक म्हणतात, हॉटेलवाला सुटे कमी देतो म्हणजे लबाडी करतो. लबाडी करणारे असतातच. पण १९५७ नंतर गल्ल्यावर जे चुकत होतं त्यातलं बरंचसं हिशेबाच्या मांडणीतच चुकलेलं होतं, आणि त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नव्हता. हे कुठं लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

जुना रुपया सोळा आण्यांचा. आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. आज हे आकडे विचित्र वाटतात, पण रोजच्या व्यवहाराला ते फार सोयीचे होते. रुपयाची निम्मी अधेली, अधेलीची निम्मी पावली, पावलीची चवली, मग आणा, अर्धा आणा, पैसा. सहा वेळा निम्मं केलं तरी हातात अख्खं नाणं उरतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे ज्यानं लहानपणी घोकले आहेत, त्याला गल्ल्यावर कागद लागायचा नाही. शंभराचं तसं नाही. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, आणि तिसऱ्याच निम्म्याला गाडी अडते. चवली तिथं मोडते.

दशमान नाण्यांचा विचार नवा नव्हता. १९४६ सालीच तसं विधेयक आलं होतं आणि बारगळलं होतं. १९५५ साली संसदेनं नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि दोन वर्षांनी नवा पैसा आला. शाळेत, कचेरीत, विज्ञानात दशमानाचा फायदा उघड आहे आणि तो निर्णय योग्यच होता असं मी मानते. माझं म्हणणं आहे ते जोडकामाच्या वर्षांबद्दल. तीन वर्षं जुनी आणि नवी नाणी बरोबरीनं चालायची होती. तोवर आण्यांतली रक्कम नव्या पैशांत बदलायची, तर अपूर्णांक अर्धा किंवा अर्ध्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा आणि अर्ध्याहून जास्त असेल तर पुढचा पूर्ण धरायचा, असा नियम. त्याचं छापील कोष्टक दादांनी आरशाशेजारी डकवलं होतं. मी ते परवच्यासारखं पाठ केलं होतं: एका आण्याचे ६, दोनाचे १२, तिनाचे १९, चाराचे २५, पाचाचे ३१, सहाचे ३७, साताचे ४४, आठाचे ५०. नवाचे ५६, दहाचे ६२, अकराचे ६९, बाराचे ७५, तेराचे ८१, चौदाचे ८७, पंधराचे ९४, आणि सोळाचे शंभर.

आता हे कोष्टक घेऊन गल्ल्यावर बसून बघा. चौघांचं मिळून चौदा आणे बिल झालं. गिऱ्हाइकानं बंदा रुपया टाकला. चौदा आण्यांचे ८७ नवे पैसे हॉटेलचे. परत द्यायचे दोन आणे, कोष्टकाप्रमाणे त्यांचे १२. सत्त्याऐंशी आणि बारा नव्याण्णव. रुपयातला एक नवा पैसा कुणाचाच नाही! तीच गत सहा आणि दहाची. ३७ आणि ६२ मिळून पुन्हा ९९. बाकी सगळ्या जोड्या शंभराला येतात, या दोनच येत नाहीत. नियम पैसे देणाऱ्याच्या बाजूचा होता, पण गल्ल्यावर दोघंही देणारेच असतात. आधी गिऱ्हाईक देतं, मग मालक देतो. दोघांनीही आपापला अर्धा पैसा कायद्यानं सोडला की मध्ये एक पूर्ण पैसा पडतो, आणि तो गल्ल्यातच राहतो. वजाबाकी नव्या पैशांत केली तर तेरा परत द्यायचे, आण्यांत केली तर बारा. दोन्ही हिशेब बरोबर. कोकणातल्या कामगारांचा सूर मला अजून ऐकू येतो: ‘मालकानु, येक नवो पैसो कमी इलो.’ आणि ते खरंच कमी असायचं.

बेरीज आधी की बदल आधी, हा दुसरा पेच. वडा दोन आणे आणि अर्धा कप चहा एक आणा. आण्यांत बेरीज करून बदललं तर तीन आण्यांचे १९. वेगवेगळे बदलून बेरीज केली तर १२ आणि ६ मिळून १८. अर्धे कप चार घेतले तर एकत्र २५, सुटे सुटे २४. त्या काळी हॉटेलात बिलाचा कागद नसे. माणूस उठला की पोऱ्या तिथूनच ओरडून सांगायचा, ‘टोपीवाले, साडेतीन आणे!’ आणि ती व्यक्ती गल्ल्यापर्यंत पोचेतो मालकाच्या डोक्यात आकडा तयार असायचा. मागून दुसरा ओरडा आलेलाच असे. या ओरडण्यावर वर्षानुवर्षं हॉटेलं नीट चालली होती, कारण आण्यांचं गणित तोंडी करता येत होतं. आता पोऱ्या आण्यांत ओरडे, गिऱ्हाईक नव्या पैशांत देई, आणि मधल्या चार पावलांत मालकानं भाषांतर करायचं.

त्यात नाणी हातात मिसळलेली. १९५० सालच्या, सिंहमुद्रेच्या पहिल्या मालिकेत आणा नागमोडी काठाचा होता आणि दोन आणे चौकोनी. अर्धा आणाही चौकोनी, आकारानं लहान. नव्या मालिकेत पाच नव्या पैशांचं नाणं चौकोनी निघालं, आणि दोन व दहाचं नागमोडी काठाचं. गल्ल्याचा माणूस नाणं डोळ्यांनी बघत नाही, बोटांनी ओळखतो. वर्षानुवर्षांची बोटांची सवय एका सोमवारी बदलायला सांगितली होती. पन्नासाचं नवं नाणं तर १९६० साली आलं, तोवर अधेलीच पन्नास म्हणून चालत होती.

आणि काही रकमा जुन्या नाण्यांत देताच येत नव्हत्या. गिऱ्हाइकानं दहा नवे पैसे दिले, चहाचे सहा वजा झाले, परत द्यायचे चार. गल्ल्यात त्या क्षणी नवी चिल्लर नाही. जुना अर्धा आणा दिला तर त्याचे तीनच होतात, तीन जुने पैसे दिले तर पाच. पैची नाणी असती तर जमलं असतं, पण पै केव्हाच व्यवहारातून गेली होती. म्हणजे कुणीतरी एक नवा पैसा गमावणार हे ठरलेलंच. दादा पाच द्यायचे. सगळीकडे तसं होत नव्हतं, हेही मला माहीत आहे.

सर्वांत वाईट गणित सर्वांत लहान नाण्याचं होतं, आणि त्याबद्दल मला आजही राग येतो. जुना एक पैसा म्हणजे दीड नव्या पैशाहून किंचित जास्त, १.५६. नियमानं त्याचे झाले दोन. आमच्या शेजारच्या गादीवर एका पैशाचे फुटाणे मिळायचे, लिमलेटच्या गोळ्या मिळायच्या. त्यांची किंमत दोन नवे पैसे झाली. जुन्या रुपयात अशा ६४ खरेद्या व्हायच्या, नव्या रुपयात पन्नास. चौसष्ट वेळा दोन म्हणजे १२८. एका पैशाची वस्तू घेणाऱ्याला शेकडा २८ नं महागाई झाली होती. आण्याची वस्तू घेणाऱ्याचा मात्र कोष्टकाप्रमाणे थोडा फायदाच होता, सोळा वेळा सहा म्हणजे ९६. रुपयाची वस्तू घेणाऱ्याला तर काहीच फरक नव्हता. ज्याची खरेदी जितकी लहान, तितका पूर्णांकाचा घाव मोठा. पैशाची खरेदी करणारे कोण होते? शाळेची पोरं, नाक्यावर उभे राहणारे हमाल, घरकामाला जाणाऱ्या बायका.

आण्याच्या वस्तूवर दुकानदाराचे रुपयामागे चार नवे पैसे जात होते, म्हणून काहींनी किंमत सहाऐवजी सात केली. त्यांची अडचण मला समजते. पण सोळा वेळा सात म्हणजे ११२. चारांची तूट भरायला बारा जास्त घेतले गेले. पोस्टाच्या नकाशाच्या तिकिटांत तेरा नव्या पैशांचंही तिकीट होतं; दोन आण्यांचे कायद्यानं बारा, हे आठवून बघा. सरकारी खिडकीवरच तेराचा आकडा दिसत असेल तर लालबागच्या गादीवाल्यानं कुठला धडा घ्यायचा?

दादांच्या वहीत मला आणखी एक गोष्ट सापडली, ती बँकेत गेल्यावरच नीट कळली. आमच्याकडे दोन प्रकारची गिऱ्हाइकं होती. गिरणीत कायम असलेल्यांचं खातं असायचं. ते महिनाभर खायचे, पोऱ्या ओरडायचा, दादा वहीत आणे मांडायचे, आणि पगाराच्या दिवशी एकदाच चुकतं व्हायचं. महिन्याच्या बेरजेला कोष्टक एकदाच लागायचं. फार तर अर्धा नवा पैसा इकडे किंवा तिकडे. दुसरे रोखीवाले: बदली कामगार, हमाल, आज आहे उद्या नाही अशी माणसं. त्यांना उधार कुणी देत नसे, आम्हीही नाही. त्यांच्या प्रत्येक कपाला, प्रत्येक पावाला कोष्टक वेगळं लागायचं आणि प्रत्येक वेळी अपूर्णांकाचा कुठलातरी तुकडा पडायचा. पत असलेल्याचा हिशेब चोख राहिला. ज्याच्याकडे पत नव्हती, त्याच्या मुठीत सुटे कमी-जास्त होत राहिले. नाणी बदलणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण व्यवहार जितके लहान आणि जितके जास्त, तितका पूर्णांकाचा त्रास वाढतो, हे साधं गणित त्यांना दिसायला हवं होतं. दादांनी आपल्यापुरता उपाय केला. रोखीवाल्या गिऱ्हाइकानं सकाळचा चहा प्यायला की आणा वहीच्या शेवटच्या पानावर मांडायचा, आणि दिवसाचे चार आणे झाले की पंचवीस घ्यायचे. पाव रुपयाला दोन्ही नाणी एकमेकांना मिळतात, तिथं अपूर्णांक नाही. संध्याकाळपर्यंतची ही उधारी क्वचितच बुडाली.

दादांना सुट्यांची ही शिस्त लागली ती लढाईच्या वर्षांत. तेव्हा ते परळच्या एका हॉटेलात पोऱ्या होते. १९४० साली फ्रान्स पडल्यावर लोकांचा कागदावरचा विश्वास उडाला आणि चांदीचे रुपये घराघरांत गडप झाले. गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं सरकारला गुन्हा ठरवावं लागलं. एक रुपयाची नोट पुन्हा काढली, अधेली-पावलीतली चांदी निम्म्यावर आणली. मग तांब्याची पाळी आली. १९४३ साली पैशाच्या मधोमध भोक पडलं, कारण तेवढंच तांबं लढाईच्या कामाला वाचत होतं. हाच तो भोकाचा पैसा. त्याच साली लाहोरला नवी टांकसाळ सुरू झाली, तरी चिल्लर पुरेना. काठेवाडातल्या आणि राजस्थानातल्या संस्थानांनी, जुनागढ, मोरवी, नवानगर, बिकानेर, बुंदी अशांनी, पैशा-आण्याची पुठ्ठ्याची कुपनं छापली. दादांच्या मालकानं सहीच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. अर्ध्या आण्याची चिठ्ठी त्याच हॉटेलात चालायची, शेजारच्या न्हाव्याकडे नाही. गावी निघालेल्या माणसाच्या खिशात अशा चिठ्ठ्या उरायच्या आणि त्या कागदाला बोरीबंदरच्या पलीकडे किंमत नसायची. दादा म्हणायचे, सुटे देणं हे मालकाचं काम आहे, गिऱ्हाइकाचं नाही.

१९६४ च्या जूनपासून ‘नवा’ हा शब्द नाण्यावरून गेला, पैसा नुसता पैसा झाला. त्याच साली तीन पैशांचं षट्कोनी, ॲल्युमिनियमचं नाणं आलं. अर्ध्या आण्याची खरी किंमत ३.१२५, हे नाणं १९५७ ला हाताशी असतं तर गल्ल्यावरचे कितीतरी वाद वाचले असते. हळूहळू लहान नाणी ॲल्युमिनियमची होत गेली. धातू महाग झाला की नाणं वितळवायला जातं, हे टांकसाळीला लढाईपासून ठाऊक होतं.

मी बँकेत लागले तेव्हा सकाळी खिडकीवर पहिली रांग हॉटेलवाल्यांची असायची. नोटा घेऊन यायचे, नाण्यांच्या थैल्या मागायचे. थैल्या पुरायच्या नाहीत. १९८५ साली टंचाई इतकी झाली की नाणी परदेशी पाडून आणावी लागली: वेल्समधलं लॅन्ट्रिसंट, बर्मिंगहॅम, कोरियातलं सेऊल. त्या नाण्यांवर सालाजवळच्या बारीक खुणा बघितल्या तर आजही ओळखता येतात. ज्याला आमच्याकडे थैली मिळाली नाही तो बाजारात बट्टा देऊन चिल्लर घ्यायचा. शेकड्यामागे काही रुपये जास्त मोजून आणलेली चिल्लर मग तो जपून द्यायचा, आणि सुट्यांच्या जागी गल्ल्यावर गोळ्यांची बरणी आली. या बरणीवर माझा आक्षेप आहे. गिऱ्हाईक उद्या त्याच गोळ्या चहाचे पैसे म्हणून टाकू लागलं तर मालक घेणार नाही, आणि जे परत घेतलं जात नाही ते पैशाच्या जागी देता येत नाही. दादांनी बरणी ठेवली नाही. सुटे नसले तर ते पूर्ण रुपया सोडायचे नाहीत की घ्यायचेही नाहीत. वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचे, तुमचे वीस पैसे आमच्याकडे.

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. आता फास्ट फूडच्या काउंटरवर बिल यंत्रातून निघतं, खाली ‘राउंड ऑफ’ची ओळ छापलेली असते आणि पैसे बहुधा फोनवरून जातात. तरी रोखीचा गल्ला अजून आहे, आणि त्याच्यामागे उभा असलेला मुलगा किंवा मुलगी वीस-बावीस वर्षांची. गर्दीच्या वेळी रांग दारापर्यंत, वरून हेडफोनवर ऑर्डरी, आणि पाळी संपताना गल्ला मोजायचा. माझ्या नात्यातली एक मुलगी अशा एका ठिकाणी काम करत होती. गल्ल्यात रुपये कमी भरले की ते तिच्या पगारातून जायचे, जास्त भरले की कंपनीचे.

दादांच्या वहीत ‘सुट्यांची तूट’ असं एक खातं होतं. दिवसअखेर आणे आणि नवे पैसे जुळले नाहीत की फरक तिथं मांडला जायचा आणि महिन्याला हॉटेलच्या खर्चात जायचा. गल्ल्यावर कधी माझा मामा बसे, कधी जुना पोऱ्या. कुणाच्याही नावावर तो फरक पडला नाही. १९३६ च्या पगाराच्या कायद्यातही सोपवलेल्या रोकडीची तूट कामगाराच्या पगारातून कापायची तर ती थेट त्याच्या हयगयीनं आलेली असली पाहिजे आणि आधी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, असं कलम होतं. त्या मुलीचं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं. तिनं मला विचारलं तेव्हा मी तिला कायद्याचं कलम लिहून दिलं आणि रोज पाळी संपताना तूट-वाढ दोन्ही तारखेनिशी वहीत मांडून वरिष्ठाची सही घ्यायला सांगितलं. पुढच्या महिन्यात कपात थांबली.